दहावी ‘ब’चा फळा

खतीबसर गेले, हे शाळेच्या शिपायाने फोनवर सांगितलं तेव्हा मी ठाण्याला मुलीकडे होतो. लगेच निघालो, पण काल्हेरला ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली आणि मी भिवंडीत पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. खरं सांगतो, उशीर झाल्याचं मला थोडं बरंच वाटलं. त्यांच्या घरच्यांसमोर कुठल्या तोंडाने उभं राहायचं, हा प्रश्न तेवढ्यापुरता टळला. आठवड्याने शाळेत शोकसभा झाली. तिथे वैशाली भेटली. काल्हेरची, आमची जुनी विद्यार्थिनी. आता पूर्णा गावातल्या एका गोदामात सुपरवायझर आहे. माझ्या पाया पडली आणि चारचौघांत म्हणाली, “वैद्यसर, तुमच्या भूमितीच्या आकृत्या अजून डोल्यांसमोर हायेत.” आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. समोर टेबलावर खतीबसरांचा हार घातलेला फोटो होता, तिकडे मात्र माझ्याने बघवेना... कारण त्या आकृत्या माझ्या नव्हत्याच. त्यांनी काढलेल्या होत्या.

मी गणिताचा मास्तर. प्रमेयं तोंडपाठ, पण हातात खडू आला की सगळा आनंद. शाळेत लागलो त्या पहिल्याच वर्षी दहावी ‘ब’च्या फळ्यावर मी वर्तुळ काढलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, वांगं काढलं.” अख्खा वर्ग हसला. तो तास मी कसाबसा रेटला. खतीबसर, आमचे चित्रकलेचे शिक्षक, तेव्हा व्हरांड्यातून चालले होते. दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी मी वर्गात डोकावलो, तर फळ्यावर वर्तुळ, त्याची स्पर्शिका, बिंदूंची टपोरी अक्षरं, सगळं तयार. सर बाहीवरचा खडू झटकत म्हणाले, “मनगट नको सर, खांदा फिरवायचा. असू द्या, मी लवकर येतोच.” नंतरची कित्येक वर्षं मी आदल्या दिवशी त्यांना प्रमेय सांगायचो आणि मुलं यायच्या आत ते आकृती काढून निघून जायचे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा दिला, ‘फळ्यावरील आकृत्या अतिशय रेखीव.’ मुख्याध्यापकांनी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला. खतीबसरांनी सर्वांच्या आधी टाळ्या वाजवल्या. मी उठून आभार मानले.

एवढं सगळं घेऊन मी त्यांना काय दिलं? त्यांचे तास घेतले. “खतीबसर, आजचा तास देता का? पोर्शन राहिलाय.” ते म्हणायचे, “घ्या ना सर, मुलं काय तुमची-माझी वेगळी हायेत?” आणि शिक्षकांच्या खोलीत बसून बक्षीस समारंभाच्या प्रमाणपत्रांवर नावं लिहायचे. आम्ही त्यांची थट्टाही करायचो, की तुमचं बरंय, पेपर तपासायला नकोत, पोरांनी डोंगर काढला की पास. ते हसण्यावारी न्यायचे. एकदाच जरा चिडून म्हणाले होते, “मी पोरांना चित्रकार करतोय असं वाटतं का तुम्हाला? मी त्यांना बघायला शिकवतोय.” त्यांच्या वडिलांचे लूम होते. कापडात एक धागा चुकला तर वडिलांना तो दारातून दिसायचा, असं ते सांगायचे. त्यांच्या वर्गात स्टुलावर एक पितळी तांब्या आणि दोन कांदे ठेवलेले असत. मुलांना एकच सांगणं, “माहीत आहे ते काढू नका, दिसतंय ते काढा.” ज्या पोरांना माझ्या वर्गात दहा मिनिटं स्थिर बसवत नसे, ती तिथे तासभर त्या कांद्यांकडे बघत बसत. मला याचा राग यायचा. आज कबूल करतो, त्यांनी रोज माझी लाज राखली, याचाही मला आतून रागच होता.

वैशालीच्या हातात जादू होती. तिला चित्रकलेची शिक्षिका व्हायचं होतं आणि त्या कोर्सला जायचं तर इंटरमीजिएट ही चित्रकलेची सरकारी परीक्षा पास हवी. खतीबसर तिच्या घरी चार वेळा जाऊन आले. शेवटी वडील म्हणाले, “या वर्षाला परीक्षा पास झाली तर पुढं शिकवतो. न्हाय झाली तर हा नाद सोरायचा.” सरांनी दहावीच्या बारा मुलांचे अर्ज भरले. परीक्षेच्या आदल्या दिवशी ते केंद्रावर बाकं लावायला गेले होते. त्या दुपारी मी वर्गात सूचना फिरवली, उद्या आणि परवा गणिताची सराव चाचणी, गैरहजर राहील त्याच्या पालकांना बोलावीन. मुलं घाबरली. वैशालीसकट बाराच्या बारा माझ्यासमोर येऊन बसली. आणि खतीबसर दोन्ही दिवस केंद्राच्या फाटकात मुलांची हॉलतिकिटं हातात घेऊन उभे राहिले... सोमवारी मी त्यांना म्हणालो, “अहो, तारीख माझ्या लक्षातच आली नाही.” ते म्हणाले, “होतं असं सर.” परीक्षेच्या तारखांचं पत्रक आठवडाभर माझ्या टेबलावर होतं. त्यावर वाचल्याची माझी सही होती. त्या परीक्षेतला एक पेपर भूमितीचा असतो, हेही मला पुढे कधीतरी कळलं. त्या सोमवारी दहावी ‘ब’च्या फळ्यावर माझी आकृती नेहमीसारखी तयार होती.

शोकसभेनंतर तीन दिवस मला धड जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी वैशालीला फोन लावला आणि सांगून टाकलं की त्या आकृत्या माझ्या नव्हत्या, खतीबसरांच्या होत्या.

“म्हाईत हाय सर,” ती म्हणाली. “आम्हां सगल्यांना म्हाईत व्हतं. अक्षरं त्यांचीच व्हती ना. त्यांनीच सांगितलेलं, वैद्यसरांना कलू द्यायचा न्हाय. म्हणून तर त्या दिवशी पन तसंच बोलले मी.”

म्हणजे इतकी वर्षं सगळा वर्ग मला सांभाळून घेत होता. ती चाचणी मी मुद्दाम त्याच दिवशी ठेवली होती, तारीख मला ठाऊक होती, हेही सांगितलं. पलीकडे गोदामातला आवाज येत राहिला, कुणीतरी गाडी मागे घ्यायला ओरडत होतं. ती म्हणाली, “ते न्हवतं म्हाईत, सर.” आणि मग, “ठेवते. ड्युटी हाय.” त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. येईल अशी अपेक्षा करायचा मला हक्कही नाही.

काल शाळेत जाऊन शिपायाकडून दहावी ‘ब’ उघडून घेतला. तिथे आता प्रोजेक्टरचा पडदा लावलाय, पण मागे तो जुना फळा अजून आहे. पडदा वर केला, खडू घेतला. मनगट नको, खांदा फिरवायचा. फिरवला. वर्तुळ सुरू झालं तिथे येऊन काही मिळालं नाही, चार बोटं खाली गेलं. पुन्हा वांगंच. खाली माझं नाव लिहिलं, आकृतीखाली पहिल्यांदाच. शिपाई डस्टर घेऊन आला, त्याला म्हटलं, राहू दे. सकाळी पोरं येतील, बघतील, हसतील. हसू देत.