लांगझाम, मिस्टर सावंत

हवल्लीतल्या माझ्या दुकानात हेल्गाबाई पहिल्यांदा आल्या त्या पुस्तकांचं शेल्फ बघायला, आणि जाताना माझा सौदा मोडून गेल्या. मी जुन्या फर्निचरचा धंदा करतो. कुवेत सोडून जाणाऱ्यांचं सामान घ्यायचं, घासूनपुसून उभं करायचं आणि नव्याने येणाऱ्यांना विकायचं. कणकवलीहून सुतार म्हणून आलो आणि कोणाच्या ओळखीशिवाय दुकान उभं केलं. त्या दिवशी एका इजिप्शियन गृहस्थांच्या गळ्यात मी एक उभा पियानो जवळजवळ बांधलाच होता. एवढ्यात ही उंच, पांढऱ्या केसांची जर्मन बाई पुढे झाली. तिने पियानोची एकच पट्टी दाबली, लाकडाला कान लावला आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत तशीच उभी राहिली. मग अगदी प्रेमाने म्हणाली, "फार सुंदर कपाट आहे."

गिऱ्हाईक हसलं आणि निघून गेलं. मी भडकलो.

"मॅडम, काम बघा जरा. आतून-बाहेरून मी स्वतः केलंय."

"आतूनसुद्धा?" त्यांनी वरचं झाकण उघडलं.

आतला जो जो सांधा करकरत होता त्यात मी शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं, दाराच्या बिजागरीत सोडतात तसं. तारांवर आपटणारे लोकरीच्या नमद्याचे हातोडे ते तेल पिऊन भज्यांसारखे झाले होते. बाई इतक्या हसल्या की त्यांना माझ्याच सोफ्यावर बसावं लागलं. तेवढ्या वेळात माझी मुलगी मुग्धा शाळेचं दप्तर टाकून पियानोजवळ गेली, तीच पट्टी दाबली आणि तसाच कान लावून उभी राहिली. बाईंचं हसू थांबलं. "हिला माझ्याकडे पाठवा," त्या म्हणाल्या.

मुलीला पाठवलं. पण राग राखून ठेवला. त्या पियानोचं आतलं सगळं काढून मी त्याला खण ठोकले आणि बाईंच्या घरी नेऊन उभं केलं. "घ्या, तुमचं कपाट." मला वाटलं, लाजतील. त्यांनी आनंदाने त्यात स्वरलिपीची पुस्तकं लावली आणि मला कॉफी पाजली.

बाई जर्मनीत मोठमोठ्या सभागृहांत वाजवत असत. नवऱ्याला इथल्या मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीत नोकरी लागली म्हणून थोड्या दिवसांसाठी आल्या आणि राहिल्या. मी एकदा विचारलं, "तिकडचं नाव, टाळ्या, सगळं सोडून या वाळूत काय मिळालं तुम्हाला?"

"तिकडे लोक ऐकायला यायचे, मिस्टर सावंत. ऐकून झालं की कोट घालून घरी जायचे. इथे मुलं शिकायला येतात. ती जातच नाहीत."

त्यांचा लाडका शब्द 'लांगझाम', म्हणजे सावकाश. मुलांना लांगझाम, टॅक्सीवाल्याला लांगझाम, लिफ्टच्या दारालाही लांगझाम. मला तर सर्वांत जास्त.

कारण माझं भांडण ठरलेलं असे. दरवर्षी त्यांच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होई. पहिल्या वर्षी मी इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना बोलावलं, नवा कोट शिवला. आणि मुग्धा काय करत होती? दुसऱ्या मुलांच्या पुस्तकांची पानं उलटत होती. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्याही वर्षी तेच.

मी तणतणत गेलो की बाई टेबलावरचा तालाचा लोलक सुरू करून म्हणत, "हं, बोला." टक, टक, टक. माझं बोलणं आपोआप त्या ठेक्यात पडायचं, आणि ठेक्यात माणसाला भांडता येत नाही. सगळ्या हवल्लीत मला सौद्यात हरवणारी ही एकच बाई.

"एक छोटा तुकडा तरी वाजवू दे तिला. अर्धा."

"पान उलटणाऱ्याला वाजवणाऱ्याच्या पुढचं वाचावं लागतं. ती वाचते आहे. लांगझाम."

मुग्धाला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, प्लीज. इट्स फाइन." फाइन कसलं? शेजारच्या डॉक्टरांचा मुलगा चुका करत वाजवायचा आणि टाळ्या घ्यायचा.

मग नवरा निवृत्त झाला आणि बाईंचं परत जायचं ठरलं. म्हणजे कार्यक्रम हा शेवटचा. आता नाही तर कधीच नाही. मी मंडळाला पुन्हा बोलावलं, मनात धाकधूक ठेवून. सगळी मुलं वाजवून झाली. पानं मुग्धानेच उलटली. मी उठून बाहेर निघालो तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या.

"आता दोघींनी एकाच पियानोवर वाजवायचं आहे. मी आणि मुग्धा." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "पण मग पानं कोण उलटणार? या, मिस्टर सावंत."

"मला त्यातलं ओ का ठो कळत नाही."

"मी मान हलवीन."

भर सभेत मी त्या पियानोशेजारी उभा राहिलो. मुग्धाचे हात तिच्या आजीच्या हातांसारखे दिसत होते, भाकरी थापताना दिसायचे तसे, बिनघाईचे. बाईंच्या बोटांशी त्यांची कुठे टक्कर नाही, कुठे ओढाताण नाही. ते बघण्यात माझं भान हरपलं आणि शेवटचं पान मी मान हलायच्या आधीच उलटलं. मुग्धा थांबली नाही. पुढचं तिला येतच होतं. बाई वाजवता वाजवता पुटपुटल्या, "लांगझाम, मिस्टर सावंत," आणि पोरगी हसत हसत शेवटपर्यंत गेली.

माझ्या बायकोने सगळं मोबाईलवर घेतलं आहे. त्यात पियानो ऐकू येतो आणि माझी पाठ दिसते.

बाईंचं घर मीच रिकामं केलं. सोफा, पलंग, सगळं त्यांनी मला देऊन टाकलं. जर्मनीला फक्त ते कपाट न्यायचं म्हणाल्या. माझी माणसं ते धडाधड जिन्यावरून उतरवायला लागली तशा त्या वरून अरबीतलं लांगझाम ओरडल्या, "शुवय, शुवय! सांभाळून. तो पियानो आहे."

हेच वाक्य त्या पहिल्या दिवशी गिऱ्हाईकासमोर बोलायला काय झालं होतं? हा राग माझा अजून गेलेला नाही. फोनवर दर वेळी मी तो काढतो, आणि पलीकडून टक, टक, टक सुरू होतं.