सील तोडणारे वामनभाऊ

वनखात्याच्या बिनतारी विभागाचे निवृत्त अधीक्षक श्री. वामनराव निकोडे यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्याविषयी चार शब्द लिहा, असे गौरव समितीने मला सांगितले. मी चारांवर थांबणार नाही, हे समितीला ठाऊक असावे.

वामनभाऊंची नि माझी पहिली भेट नागभीड स्टेशनावरची. परदेशी कंपनीचे बिनतारी संच खोक्यांतून उतरत होते आणि मी, नवाच भरती झालेला ऑपरेटर, बैलगाड्या घेऊन गेलो होतो. प्रत्येक संचाला शिशाचे सील होते. ते उघडायचे तर कंपनीच्याच इंजिनिअरने, आणि तो राहायला मुंबईला. बाकीचे साहेब लोक संच पाहून हरखले होते. भाऊ मात्र फलाटावर उभ्या उभ्या करारनामा वाचत होते, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा पडत गेला. मला ते तेव्हा कुरकुरे गृहस्थ वाटले.

पुढे माझी नेमणूक धानोऱ्याच्या जंगलात, बांबूतोडीच्या मुक्कामावर झाली. बायकोही सोबत होती. आमच्याकडे मोहाची फुले वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. त्या उन्हाळ्यात असाच लावलेला जाळ वाऱ्याने हाताबाहेर गेला आणि भरदुपारी आमच्या बाजूला धूर दिसू लागला. आम्ही दरीत, आग कुठे चालली आहे ते टेकडीवरच्या चौकीतूनच दिसणार. तिथे त्या दिवशी भाऊ तपासणीला आले होते. त्यांनी संचावरून आमच्याशी बोलायला सुरुवात केली आणि मध्येच आवाज तुटला.

मी बटणे पिळत बसलो. बांबू तोडणारी माणसे बिऱ्हाडे बांधून रस्त्याकडे तोंड करून उभी होती. त्यांचे म्होरके मडावी म्हणाले, “काऊन थांबून राह्यला? धूर जवळ आला ना.” मी थांबा म्हणत होतो, पण कशाच्या जोरावर, ते माझे मलाच सांगता येत नव्हते. बायकोकडे पाहायचीही हिंमत होत नव्हती.

टेकडीवर काय चालले होते ते मागाहून कळले. चौकीतला संच बंद पडला होता. तिथल्या ऑपरेटरने भाऊंना कराराची आठवण करून दिली: सील तुटले तर कंपनी साऱ्याच संचांची देखभाल सोडून देणार, आणि तोडणाऱ्याची नोकरीही धड राहणार नाही. भाऊंनी त्याच्याकडे पक्कड मागितली. आतली एक तार सुटली होती, इतकेच.

“रस्त्यानं जाऊ नोका,” त्यांचा आवाज आला. “आग तिकडंच वळून राह्यली. नदीत उतरा.”

आम्ही कोरड्या पात्रात उतरलो. थोड्याच वेळात रस्त्याकडेला रचलेले बांबू पेटून फुटू लागले. रेतीत बसून आम्ही ते ऐकत होतो.

कंपनीने तक्रार केलीच. नागपूरला चौकशी बसली. सील चुकून तुटले असे लिहून द्या, प्रकरण मिटेल, असे वरिष्ठांनी भाऊंना सुचवले. भाऊ बधले नाहीत. “चुकून नाई तुटलं साहेब, मी तोडलं,” ते म्हणाले. “जंगल आपलं, माणसं आपली, मशीनही आपणच विकत घेतली. मंग ते उघडाले दुसऱ्याले काऊन विचाराचं?”

भाऊ अधीक्षक होते ते अधीक्षकच राहिले, बढती गेली ती कायमची, आणि त्याचा मला आजही राग येतो. पण पुढच्या खरेदीत सरकारने भाऊंचीच अट घातली: आतले आराखडे नि सुटे भाग द्या, आमच्या माणसांना दुरुस्ती शिकवा, नाहीतर तुमचे संच नकोत. शिकवायचे काम अर्थातच भाऊंच्या गळ्यात पडले. सिंदेवाहीच्या वनप्रशिक्षण शाळेत त्यांनी चांगला चालू संच आमच्यापुढे ठेवला आणि खोला म्हणाले. आमचे हात धजेनात. खोलल्याशिवाय जेवण नाही, असे सांगून ते स्वतःही आमच्यासोबत उपाशी बसून राहिले.

समारंभात भाऊंच्या खांद्यावर शाल घालण्याचा मान समितीने मला देऊ केला होता. तो मी घेतला नाही. शाल माझी मुलगी घालील. त्या दुपारी नदीच्या रेतीत ती आईच्या पोटात होती. भाऊंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि तिचा हात पोचावा म्हणून त्यांनी त्या दिवशी थोडे खाली वाकावे, एवढीच विनंती.