रुसवे काढणारे मामा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, परंड्याच्या पंचक्रोशीतली निम्मी लग्नं भटजींनी लावलेली नसून माझ्या मामेसासऱ्यांनी लावलेली आहेत. भटजी फक्त मंगलाष्टकं म्हणतात. फुगून निघून गेलेले पाहुणे मांडवात परत आणतात ते आमचे मामा.

मामा काय करतात असं कुणी विचारलं, की मामी परस्पर सांगतात, "काय न्हाय, बसून असतात." खरंच आहे. मामांचं कामच बसण्याचं. रुसलेला माणूस एसटी स्टँडवर असो, बांधावर असो, एकदा तर पाण्याच्या टाकीवर होता, मामा त्याच्या शेजारी जाऊन बसणार. आणि सुरुवात काय? "रुसायलाच पाहिजे! मी असतो तर ताटावरनं उठलो असतो!" मग पाणी मागायचं, गुडघ्याची चौकशी करायची. फेटा उशिरा बांधला म्हणून एक जावई कुर्डुवाडीच्या गाडीची वाट बघत बसला होता. मामांनी यजमानांची इतकी निंदा केली, की शेवटी तोच म्हणाला, "एवढे काय वाईट न्हाईत हो ते!" आणि मामांनाच हाताला धरून मांडवात घेऊन आला. "समजूत घालायला आलेल्या पहिल्या माणसाबरोबर उठतो तो रुसलेला नसतो, भुकेला असतो. खरा रुसलेला दुसऱ्याबरोबर उठतो," हे मामांचं शास्त्र. या कामाचं मोल म्हणाल, तर ड्रोनवाल्याला पैसे मिळतात, घोडीला हरभरे मिळतात आणि मामांना "जेवून जा हं" मिळतं.

परवा गावातल्या बड्या बागायतदाराच्या मुलीचं लग्न होतं. सगळा कारभार पुण्याच्या इव्हेंटवाल्यांकडे. दारावरच्या पोरीनं मामांचं धोतर पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, "काका, केटरिंगची माणसं मागच्या गेटनं." मामा आल्या पावली घरी.

इकडे पडद्यावर नाव झळकलं नाही म्हणून नवरदेवाचे काका गाडीत काचा लावून बसले. काका आल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत, असं वरपक्षानं बजावलं. इव्हेंटच्या साहेबानं गुच्छ आणि चॉकलेट पाठवलं. काकांनी गाडी चालू केली. घामाघूम बागायतदार माझ्यावर ओरडले, "मामांना आणा हो!"

मामा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी दारातूनच सुरू केलं, "मामा, रुसायलाच पाहिजे! मी असतो तर..."

"जावई, बसून बोला," भिंतीकडून आवाज आला.

मी बसलो. पाणी मागितलं.

"आता गुडघा."

"गुडघा कसा आहे, मामा?"

"दुखतोय. पण बरं विचारलंत."

मी हात पुढं केला. मामा उठून बसले, पण जागचे हलेनात. माझ्या खांद्यावरून उघड्या दाराकडं बघत राहिले. बाहेर ऊन होतं आणि माझी मोटरसायकल होती. मंगल कार्यालयाकडचा बँडही थांबला होता.

मामी चहा घेऊन आल्या. त्यांनी एकदा रस्त्याकडं पाहिलं, एकदा मामांकडं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अहो, उठा की आता! दुसरं कुणी येत न्हाय!"