तेवीस गाड्या

"हवेत लोंबकळणारं चाक आणि मिंधा माणूस, दोघांच्या तोंडून खरं निघत नाही."

हे मामांचं वाक्य. भाची वर्कशॉपात कामाला लागली त्या पहिल्याच आठवड्यात तिने ते ऐकलं आणि सोडून दिलं. मामा असं काहीबाही बोलतच असत. ते तिच्या आईचे धाकटे भाऊ, म्हणजे तिचे सख्खे मामा. पण ती काउंटरवर बसून हाक मारायला लागली तशी मॅनेजरपासून गाड्या धुणाऱ्यापर्यंत सगळ्यांनीच त्यांना मामा करून टाकलं. गाड्या धुणारा म्हणायचा, ताई आल्या आणि अख्ख्या वर्कशॉपला आजोळ मिळालं.

मामांचं काम एकच, गाडीची पुढची बाजू. चाकं, सस्पेन्शन, स्टीअरिंग. इंजिनाच्या नादाला ते कधी लागले नाहीत. एकतीस वर्षं त्याच कोपऱ्यात, जमिनीवर जॅक लावून, पाठीवर पडून त्यांनी काम केलं. दुसऱ्या कोणाची पाठ मोडली असती. मामांची सरळ झाली. घरी दोन खोल्या, खिडकीत चार कुंड्या, आणि शिलाई मशीनवर बसलेली मामी. जेवणाचा डबा ते स्वतः धुवायचे आणि पेपर मागच्या पानावरून वाचायचे. मामी म्हणायची, "ह्यांना दुःख नाही असं नाही गं, पण ते करायचा आळस आहे."

अभिमान मात्र एका गोष्टीचा होता. त्यांच्या हातची गाडी त्याच दुखण्यासाठी कधी परत आली नव्हती. हे ते स्वतः सांगत नसत. कोणी सांगितलं की चष्मा पुसत बसत, म्हणजे पुन्हा एकदा सांगावं.

त्या वर्षी कंपनीचं पत्र आलं. एका मोठ्या एसयूव्हीच्या पुढच्या चाकांच्या बॉल जॉइंटमध्ये दोष निघाला होता. बॉल जॉइंट म्हणजे गाडीचा खांदाच. वाटीत गोळा बसलेला असतो आणि त्याच्यावर चाक वळतं. वरचं रबर नीट बसलेलं नसल्यामुळे आत पाणी जायचं, गंज धरायचा, गोळा सैल व्हायचा. फारच सैल झाला तर चालत्या गाडीचं चाक आडवं पडणार. म्हणून विकलेली प्रत्येक गाडी परत बोलवायची, सांधा तपासायचा, हलत असेल तर फुकट बदलायचा, नसेल तर कागदावर सही करून सोडायची. सही मामांची.

गाड्यांची रीघ लागली. त्यातच मामांच्या कोपऱ्यातली फरशी खचली आणि ती उकरायला घेतली. मॅनेजरने मामांना पलीकडच्या दोन खांबांच्या लिफ्टवर पाठवलं. बटण दाबलं की गाडी वर, माणूस खाली उभा. मामा खूश झाले. एकतीस वर्षांनी गाडीकडे मान वर करून बघतोय, म्हणाले, आता तिलाही जरा मान मिळू दे. तीन दिवसांत तेवीस गाड्या झाल्या. चाक दोन्ही हातांनी धरायचं, हलवायचं, खालून पहार घालून उचकायचं. एकही सांधा हलला नाही. भाची फोनवर मालकांना सांगत होती, गाडी ठणठणीत आहे, घेऊन जा.

चौथ्या दिवशी सकाळी जी गाडी वर चढली तिचं रबर फाटलेलं होतं आणि सांध्यातून तांबडं पाणी गळत होतं. मामांनी पहार लावली. सांधा गप्प. पुन्हा लावली. गप्प.

भाची कागद घेऊन तिथेच उभी होती, म्हणून तिने ते पाहिलं. मामांनी पहार खाली ठेवली आणि लिफ्टच्या खांबाला हात लावून लोंबकळत्या चाकाकडे बघितलं. मग एक उंच लोखंडी घोडी, म्हणजे टेकू, ओढत आणली, चाकामागच्या खालच्या दांड्याखाली उभी केली आणि गाडी बोटभर खाली घेतली. आता दांडा घोडीवर टेकला, स्प्रिंगचा जोर घोडीने घेतला. पहार लावताच सांधा बोलला. टक. आणि परत टक.

तिला काही कळलं नाही. मामांनी समजावलं, लहानपणी गणित समजवायचे तसं, घाई न करता. गाडी पोटाखालून उचलली की चाक लोंबकळतं. मग स्प्रिंग सांध्याला असं आवळून धरते, की गोळा वाटीत सैल असला तरी हलत नाही. त्याला आधी ओझ्यातून सोडवायचं आणि मग विचारायचं. जमिनीवर त्यांचा जॅक नेहमी त्या दांड्याखालीच असायचा, म्हणून एकतीस वर्षांत हात चुकला नाही. लिफ्टवर जॅक नव्हता, आणि हाताला ते आठवलं नाही.

"हेच दुसऱ्यांना शिकवत आलो," मामा म्हणाले. "यादी काढ. तेवीस."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने दोघांना केबिनमध्ये नेऊन दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की एवढा गाजावाजा नको, पुढच्या सर्व्हिसिंगला येतील तेव्हा बघून घेऊ. फारच वाटत असेल तर 'जादा तपासणी' म्हणून बोलवू. तुमचं एवढं नाव आहे मामा, कशाला हाताने घालवता.

मामांनी ऐकून घेतलं आणि ते भाचीकडे वळले. "मामाचं चुकलं म्हण. जादाबिदा म्हटलंस तर कोणी येणार नाही. चुकलं म्हटलंस तर धावत येतील."

तिने दोन दिवस फोन केले. एकाने शिव्या दिल्या, एकीने मामांची तब्येत विचारली. बरेच जण खरंच धावत आले. तोवर कोपऱ्यातली फरशी बसली होती, मामा पुन्हा पाठीवर. बावीस गाड्यांत पाच सांधे हलले. एकाचा गोळा तर मामांनी बाहेर काढून तळहातावर ठेवला, किडलेल्या दातासारखा, आणि मालकाला दाखवला. मालक बाकावर बसला. दुपारी मामा डबा पुसून खात होते. भाचीने विचारलं, वाईट नाही वाटत? ते म्हणाले वाटतं ना, पण भूकही लागते. मामीला त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं. ती म्हणाली होती, एकदाच्या आल्या गाड्या परत, मला वाटलं तुम्ही देव होऊन बसताय.

तेविसावी गाडी एका निवृत्त मास्तरांची होती. ते त्या दिवशी दुपारी बायको, मुलगी आणि तान्ह्या नातवाला घेऊन घाटावर निघणार होते. सामान भरून झालं होतं. भाचीने तिसऱ्यांदा फोन लावला, स्पीकरवर. मास्तर म्हणाले, "परवा तुम्हीच सही करून दिलीत ना? मग आज मी कोणत्या मामांवर विश्वास ठेवू, परवाच्या की आजच्या?" आणि फोन ठेवला.

मॅनेजर म्हणाला, झालं, आपण तीनदा कळवलं, वेळेसकट नोंद करून ठेव, आता जबाबदारी त्यांची. भाचीने घड्याळ बघितलं. अकरा वाजून गेले होते. मास्तरांचं घर नदीपलीकडे, अर्ध्या तासावर. तिने नोंदीचा कागद बाजूला सारला, एका चिठ्ठीवर पत्ता लिहिला आणि मामांपुढे धरला.

मामांनी हात धुतले. चिठ्ठी खिशात घातली. छोटा जॅक एका हातात घेतला, पहार काखेत मारली आणि ते फाटकातून बाहेर पडले.