स्क्रीनचा रंग मी ठरवणार

नव्वदच्या दशकात कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी एका शेठकडे बिलं करायचे. ऑफिसात कॉम्प्युटर नवाच आला होता. त्याची पांढरीफटक स्क्रीन दुपारपर्यंत माझं डोकं उठवायची. एकदा उगाच इकडेतिकडे चाळताना रंग बदलायची सोय सापडली. एक पर्याय निवडला की बिलाची, मालाची, गिऱ्हाइकांची, सगळ्या विंडो एकदम बदलायच्या. मी मागे काळा रंग आणि त्यावर पिवळी अक्षरं लावली. डोकं दुखायचं थांबलं. इतकं सुख मला कुठल्याच गोळीने दिलं नव्हतं.

दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. शेठ हळदकुंकू घेऊन आले आणि स्क्रीन बघून थबकलेच.

"बाय, धंद्याचे यंत्राला काला रंग? नाय चालनार!"

त्यांनी शेजारी उभं राहून रंग बदलून घेतला. लालभडक विंडो आणि वर पिवळ्या पट्ट्या, म्हणजे कुंकू आणि हळद. पूजेपुरतं असेल म्हणून मी हसले. दुसऱ्या दिवशी कळलं, हे कायमचं आहे.

डोळ्यांतून पाणी यायचं, मळमळायचं. मग शेठ बाहेर गेले की मी काळं करायचे, त्यांची चाहूल लागली की परत लाल. या चोरटेपणाचीच मला चीड आली. डोळे माझे, बिलं मी करणार, आणि रंग यांचा? एका सकाळी शेठ आत आले तरी मी काळं तसंच ठेवलं.

"लाल कर. नायतर उद्यापासून येव नको."

घरात कमावणारी मी एकटी. तरी जीभ काही थांबली नाही.

"करते लाल. पण मग आजची बिलं तुम्ही करा, शेठ."

लाल केलं, उठले आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले. शेठ हट्टाने खुर्चीत बसले. त्यांना बिल करता यायचं, सावकाश का होईना. बाहेर भरलेले ट्रक बिलासाठी खोळंबले होते. थोड्याच वेळात शेठनी रुमाल काढून डोळे पुसले. परत पुसले. आकडा चुकला म्हणून पुसून नव्याने टाकला.

"लाव तुजा काला," ते शेवटी वैतागून म्हणाले.

मी उठले नाही. "यापुढे रंग मी ठरवणार. दसऱ्यालासुद्धा."

शेठनी बाहेरच्या ट्रककडे पाहिलं. उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसले आणि त्यांच्या देखत सगळ्या विंडो काळ्या केल्या.