कुलथे गुरुजींचं प्रस्थान

मी लिहावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते माझे शिक्षक. शिक्षकांची फजिती चारचौघांत सांगणं बरं नव्हे, हेही मला कळतं. पण त्या उन्हाळ्याची चीड मनातून जात नाही. चुकलंमाकलं तर वाचकांनी पदरात घ्यावं.

मिरजगावच्या अलीकडे आमचं गाव. कुलथे गुरुजी तिथल्या शाळेतून निवृत्त झालेले. ‘समजा’ या शब्दाशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. गणित शिकवताना लागलेली सवय त्यांनी पुढे सगळ्या आयुष्याला लावली. आमच्या ओसरीवर बसून ते तांब्यात बोट बुडवायचे आणि फरशीवर भूमध्य समुद्राचा किनारा काढायचे. “समजा, इथं जिनोआ. इथून बोट सुटली. नेपल्स, पालेर्मो, मग खाली आफ्रिकेत ट्यूनिस. तिथून बार्सेलोना, मार्सेलिस, की परत जिनोआ.” ऊन असं की बोट बार्सेलोनाला लागेपर्यंत जिनोआ वाळून गेलेलं असे. ते पुन्हा बोट बुडवायचे. आई आतून म्हणायची, “गुर्जी, प्यायचं पानी हाय ते. आड आटलाय.”

हे नुसतं स्वप्न नव्हतं. त्यांचा भाचा अरविंद एका इटालियन प्रवासी बोटीवर इंजिनिअर होता. त्या बोटीवर अधिकाऱ्याला वर्षातून एकदा घरच्या एका माणसाला फुकट फिरवून आणता येई. अरविंदचे आईवडील लवकर गेले, मामांनीच त्याला शिकवलं. त्यामुळे त्याने मामांचं नाव दिलं होतं. दिवाळीपर्यंत कधीही या, असं कळवलं होतं. फक्त पासपोर्ट यायचा होता.

गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं, पण गुरुजी दिसले की सगळ्यांना उत्साह यायचा.

“गुर्जी, येताना चार हंडे पानी आना की तिकडनं!”

“खारं असतं रे ते.”

“मंग कशाला जाताय एवढ्या लांब?”

यावर गुरुजी हसायचे. “समजा, तू जन्मभर मुलांना नकाशावर निळा रंग भरायला लावलास. एकदा तरी तो निळा आहे की नाही, बघावासा वाटणार नाही तुला?”

गुरुजींच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, मात्र समुद्राची धास्ती. त्यांनी एकच अट घातली, मुहूर्तावर निघायचं. ज्योतिष्याने जो दिवस काढला त्यानंतर बरेच दिवस चांगला मुहूर्त नव्हता, आणि पासपोर्ट तर आलेला नव्हता. अशा वेळी आपल्याकडे करतात तेच केलं. मुहूर्ताला सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन प्रस्थान ठेवलं. म्हणजे माणूस निघाला असं धरायचं आणि खरोखर जाईपर्यंत सामान घरी आणायचं नाही. काकूंनी हातावर दही घातलं, आणि गुरुजी पेटी घेऊन समोर आमच्या ओसरीवर आले. इतर लोक सामान ठेवून स्वतः घरी राहतात. काकूंना तेही चालेना. “उंबरा ओलांडलाय. आता मागं फिरायचं नाही.” गुरुजींचं जेवण रस्ता ओलांडून डब्यातून येऊ लागलं.

मी एकदा धीर करून विचारलं, “गुरुजी, तुमचा यावर विश्वास आहे?”

“अजिबात नाही. पण पोपटराव, तिनं माझ्याकडं आजवर मागितलंय काय? समजा, हे एवढंच मागितलं.”

आणि नेमकी त्याच आठवड्यात पासपोर्टसाठीची पोलीस चौकशी आली. मी आणि गुरुजी तेव्हा मिरजगावला गेलो होतो. हवालदाराने काकूंना दारात विचारलं, “गुर्जी हायेत का घरी?”

काकूंनी शास्त्राला धरून उत्तर दिलं, “नाहीत. गेले ते परदेशी.”

हवालदाराने तसं लिहून नेलं.

पुढे दोन महिने पासपोर्टचा पत्ता नाही. शेवटी मी गुरुजींना घेऊन तालुक्याला गेलो. तिथल्या पोलीस कचेरीतला कारकून कागद बघून म्हणाला, “अहो, हा माणूस बिनपासपोर्टचा परदेशी गेलाय!”

“तो माणूस मीच,” गुरुजी म्हणाले.

“असाल. पण चौकशीत तुम्ही घरी सापडायला हवं. घरी बसा, परत माणूस धाडतो.”

घरी बसा! परतीच्या एसटीत मी काकूंना समजावण्याची सारी वाक्यं मनात जुळवली. घरी पोचल्यावर काकूंनी ती शांतपणे ऐकली आणि त्या म्हणाल्या, “मोडता घालू नको रे बाबा. पाण्यावरचा प्रवास आहे.” गुरुजींनी मान डोलावली. मला दोघांचाही संताप आला, आणि दोघांसमोरही तो बोलता येईना.

हवालदार आला तेव्हा गुरुजी स्वतःच्या घराच्या खालच्या पायरीवर बसले होते. त्यांच्या दृष्टीने हा मधला मार्ग होता.

“चला की आत. च्या घिऊ.”

“मला आत येता येणार नाही.”

“सवताच्या घरात?”

“हो. मी निघालेलो आहे.”

हवालदाराने एकदा गुरुजींकडे, एकदा दारातल्या काकूंकडे पाहिलं. “ह्यात कायतरी भानगड हाय,” म्हणाला आणि टोपी घालून चालता झाला. मी मागे पळत गेलो, प्रस्थान म्हणजे काय ते सांगितलं. तो म्हणाला, “शिकलेला दिसतोस. मंग तूच सांग, ह्ये साहेबाला इंग्रजीत कसं लिवू?” मी तसाच परत फिरलो.

मी आलो तेव्हा गुरुजी ओसरीवर बसले होते. फरशीवर पालेर्मोपर्यंत किनारा काढून झाला होता. “समजा,” एवढंच म्हणाले आणि थांबले.

जूनमध्ये मी नगरला वसतिगृहात आलो. दिवाळीआधी वडील बाजाराला म्हणून नगरला आले, तेव्हा भाकरी द्यायला खोलीवर थांबले. मी पाणी देतानाच विचारलं, “पासपोर्ट आला?”

“न्हाई. अरविंदाची तार आली. ती बोट मोडीत काढली म्हनं. त्याला मालाच्या बोटीवर धाडलंय. तिथं घरचं मानूस चालत न्हाई.”

“मग गुरुजी?”

“दोन दिस जेवनाचा डबा तसाच परत. मंग काल काकू सवता आल्या. आमच्या पायरीखाली हुब्या ऱ्हायल्या, म्हनल्या, ‘चला घरी.’”

“गेले?”

वडिलांनी भाकरीचं फडकं माझ्याकडे सरकवलं.

“गेले की. पेटी मी घेतो म्हनलं, तर दिली न्हाई. आपली आपनच उचलून नेली.”