दाजींचं ऑइल चेंबर

चौक गावचे दाजी जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपने मच्छीमारांच्या होड्या वाळूवर ओढून पोट भरतात. खाऱ्या पाण्याने इंजिनाखालचं ऑइल चेंबर गंजून गळायला लागलं, तर या शहाण्याने होडीच्या तळाला लावतात तसं त्यावर डांबर थापलं!

नवघरच्या गॅरेजात मेकॅनिक जितेंद्रने चेंबर उतरवलं. आत तेल नाहीच, नुसता धातूचा चुरा.

“दाजी, होडी थंड पाण्यात असते. इंजिन तापतं. डांबर वितळलं, तेल गेलं, इंजिन जाम!”

“मंग नवा चेंबर लाव.”

“लावीन हो, पण इंजिन कुठून आणू? भंगारात द्या.”

“न् होड्या कोन ओढील?”

“ट्रॅक्टर आलाय ना तुमच्या गावात.”

जीपमधला ओढायचा दोर खांद्यावर टाकून दाजी बसकडे निघाले. त्या दोराचा आता उपयोग नाही, हे त्यांनाही कळत होतं.